एचपीव्ही १६ पॉझिटिव्ह आलंय, डॉक्टर म्हणतात पिशवी काढा. खरंच गरज आहे का?

पावसाळी_ऐरोली

नमस्कार मंडळी, इथे बरीच वर्षं नुसती वाचत असते, लिहायची वेळ आज पहिल्यांदाच आली. विषय माझ्या मोठ्या नणंदेचा आहे. त्या कळव्याला राहतात, वय ४६, दोन मुलं, पाळी अजून चालू आहे पण मागेपुढे होते. बऱ्याच महिन्यांपासून संबंधानंतर रक्ताचे डाग दिसायचे, त्यांनी ते अंगावरच काढलं, पाळी जायच्या वयात असं होतं म्हणून. मला सांगितलं तेही गवार मोडता मोडता, मान वर न करता, जसं काही शेजारणीबद्दल बोलतायत. मी मागे लागून लागून ठाण्यात एका गायनॅककडे घेऊन गेले. तिथे पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयाच्या मुखाच्या पेशींची तपासणी, आणि एचपीव्ही या व्हायरसची टेस्ट दोन्ही एकदम केल्या. रिपोर्टवर लिहिलंय एएससी-यूएस, आणि खाली ठळक अक्षरात एचपीव्ही १६ डिटेक्टेड.

डॉक्टरांनी रिपोर्ट हातात घेतला आणि म्हणाले मुलंबाळं झालीयत, आता पिशवी ठेवून करायचंय काय, पुढच्या आठवड्यात ॲडमिट व्हा, काढून टाकू, टेन्शनच नको. कॅन्सर आहे का विचारलं तर म्हणे 'होऊ शकतो'. सासूबाईंचं पण तेच, काढा एकदाची, आमच्या गावात निम्म्या बायकांच्या काढल्यात, काही बिघडलं नाही कोणाचं.

आणि दुसरं जे झालंय ते मला जास्त जड जातंय. ताईंनी रात्री मोबाइलवर वाचलं की हा व्हायरस संबंधातून येतो. तेव्हापासून भाऊजींशी बोलणं बंद. भाऊजी देवाची शपथ घेतायत की मी बाहेर काही केलेलं नाही, आणि आता तर ते पण तिच्याकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागलेत असं ताई म्हणतात. घरात १७ वर्षांची मुलगी आहे, तिच्यासमोर सगळे गप्प. बावीस वर्षांचा संसार एका कागदावर आलाय.

कोणी यातून गेलंय का, किंवा कोणाला यातलं कळतं का? कॅन्सर झालाय का, पिशवी काढायची का, आणि भाऊजींची पण टेस्ट करायची का? काय ते स्पष्ट सांगा, मी ऐकून घेईन.

गायनॅक_ठाणेकर

ओपीडी चालू आहे म्हणून थोडक्यात. ॲडमिट करू नका. बायोप्सी (तुकडा काढून तपासणं) झाल्याशिवाय या कारणासाठी पिशवी काढायची नसते. आधी कॉल्पोस्कोपी, म्हणजे गर्भाशयाचं मुख दुर्बिणीतून बघणं. एचपीव्ही १६ आणि वर संबंधानंतर रक्तस्राव, म्हणजे महिनाभर 'बघू करू' पण नको. संध्याकाळी लिहितो.

स्लाइडवाली_नौपाडा

मी रिटायर्ड आहे, आयुष्य पॅथॉलॉजी लॅबमध्ये पॅपच्या स्लाइड बघण्यात गेलं, त्यामुळे रिपोर्टबद्दल बोलायचा मला थोडा अधिकार आहे असं समजते. डॉक्टर नाही, हे आधीच सांगते.

एएससी-यूएस म्हणजे कॅन्सर नाही. त्याचा अर्थ असा की आम्हाला मायक्रोस्कोपखाली काही पेशी अशा दिसल्या की ज्यांना धड नॉर्मल म्हणता येत नाही आणि धड बिघडलेल्याही म्हणता येत नाहीत. पेशीच्या मधला जो गडद ठिपका असतो, केंद्रक, तो नेहमीच्या पेशीत लहान असतो, एएससी-यूएसमध्ये अडीच ते तीन पट मोठा दिसतो. हे नुसत्या सुजेने पण होतं, इन्फेक्शनने होतं, पाळी जायच्या वयात हॉर्मोन्स कमी झाले तरी होतं. त्यापुढची पायरी एलएसआयएल, त्यात केंद्रकाभोवती पांढरं वलय पडलेल्या पेशी दिसतात, ती एचपीव्हीची सही म्हणायची. त्याच्यापुढे एचएसआयएल, तिथे केंद्रक जवळजवळ सगळी पेशी व्यापतं, ते दिसलं की आम्ही खुर्ची पुढे ओढून बसायचो. तुमच्या ताईंचं यातलं सगळ्यात खालच्या पायरीवर आहे.

मग घाबरायचं का नाही? पॅपवरून नाही, पण १६ नंबरमुळे लक्ष द्यायचं. एचपीव्हीचे दोनशेच्या वर प्रकार आहेत, त्यातले चौदाएक कॅन्सरच्या बाजूचे, आणि त्यातही १६ आणि १८ हे दोन सगळ्यात खोडकर, गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरपैकी साधारण ७० टक्के या दोघांमुळेच होतात. हा कॅन्सर व्हायरसमुळे होतो हे शोधून काढलं जर्मनीच्या हॅराल्ड त्सूर हाउझन यांनी, १९८३ ला १६ सापडला, पुढच्या वर्षी १८, आणि २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आमच्या सरांनी त्या दिवशी लॅबमध्ये पेढे वाटले होते, जणू घरातल्यालाच मिळालंय!

तुमचा रिपोर्ट बघितला नाही म्हणून एक विचारते. पॅप जुन्या पद्धतीने काचेवर केलीय का लिक्विडवाली, ज्यात ब्रश बाटलीत बुडवून पाठवतात? काचेवर असेल तर स्मिअर घेतल्या घेतल्या अल्कोहोलमध्ये टाकावी लागते, सिस्टर फोनवर बोलत राहिली आणि काच हवेत वाळली की पेशी फुगतात आणि आमच्याकडे सगळंच संशयास्पद दिसायला लागतं. अर्थात एचपीव्ही टेस्ट वेगळी असते, ती व्हायरसचा डीएनए शोधते, तिला या वाळण्या-फुगण्याचं काही घेणंदेणं नाही. म्हणून कॉल्पोस्कोपी टळत नाही, पॅप काहीही म्हणो.

पावसाळी_ऐरोली

काकू लिक्विडवालीच होती, बाटलीच दिली होती आमच्या हातात लॅबमध्ये नेऊन द्यायला. खूप आभार, निदान आज जेवण जाईल. पण भाऊजींचं काय सांगू ताईंना?

खारघरची_वाचक

मी गेलेय यातून, म्हणून लिहितेय. मला पण १६ च आला होता आणि माझ्या डोक्यात पण पहिला विचार नवऱ्याचाच आला, तेव्हा ताईंना सांगा की त्या काही वेगळं वागत नाहीयेत. मला तेव्हा डॉक्टरांनी जे समजावलं ते असं की हा व्हायरस शरीरात शिरल्यावर वर्षानुवर्षं गप्प पडून राहू शकतो, टेस्टमध्ये पण येत नाही, आणि पुढे कधीतरी वयाने किंवा आजारपणाने प्रतिकारशक्ती जरा ढिली पडली की डोकं वर काढतो. त्यामुळे आज पॉझिटिव्ह आलं म्हणजे तो काल आला असं नाही, लग्नाच्या पहिल्या वर्षीचा पण असू शकतो, कोणाकडून कोणाला आला हे जगातली कुठलीच लॅब सांगू शकत नाही. ज्यांनी आयुष्यात कधीही संबंध ठेवलेत त्यातल्या बहुतेकांना, बाई असो पुरुष असो, केव्हा ना केव्हा एचपीव्ही होऊनच गेलेला असतो, त्यांना कळत पण नाही कारण लक्षणच नसतं. भाऊजींची टेस्ट म्हणाल तर पुरुषांसाठी नेहमीच्या वापरातली अशी टेस्टच नाही, आणि असती तरी तिने काय सिद्ध होणार होतं?

आता कॉल्पोस्कोपी कशी होते ते सांगते कारण मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी उगाच रात्रभर जागी होते. भूल नाही, ॲडमिट नाही, ओपीडीतच. पॅपसारखंच झोपायचं, स्पेक्युलम (आतलं दिसावं म्हणून लावायचं साधन) घालतात, आणि एक दुर्बिणीसारखं यंत्र बाहेरच उभं असतं, आत काही जात नाही त्याचं. मग मुखावर पातळ केलेलं ॲसिटिक ॲसिड लावतात, म्हणजे आपलं व्हिनेगरच, ३ ते ५ टक्क्याचं. किंचित चुरचुरतं. मिनिटभर थांबतात आणि जिथे पेशी बिघडलेल्या असतात तो भाग पांढरा दिसायला लागतो. मला समोरच्या स्क्रीनवर दाखवलं, गुलाबी भागावर घड्याळाच्या बारा वाजता पांढरा पट्टा, कडा अगदी स्पष्ट. मग आयोडीन लावलं, सगळं तपकिरी झालं आणि तेवढाच पट्टा मोहरीसारखा पिवळा राहिला. तिथलाच तांदळाएवढा तुकडा चिमट्याने काढतात, तीच बायोप्सी. टचकन लागतं, पाळीत येते तशी कळ येते, संपलं. रक्त थांबायला एक औषध लावतात त्यामुळे नंतर काही दिवस काळपट, कॉफीच्या चोथ्यासारखं जातं, ते बघून घाबरू नका म्हणावं.

माझं सीआयएन ३ (मुखाच्या पेशींच्या बिघाडाची पातळी) निघालं, लीप केलं म्हणजे तेवढाच भाग काढला, पिशवी आहे तिथेच आहे.

निसर्गमित्र_डोंबिवली

सगळे एकदम चिरफाडीवर का येता? त्रिफळ्याच्या काढ्याने धावन करायचं, म्हणजे आतून धुवायचं, आणि पोटातून हळद आणि गुळवेल घ्यायची. माझ्या मामेबहिणीचा एचपीव्ही पॉझिटिव्ह होता, वर्षभरात निगेटिव्ह झाला, रिपोर्ट आहेत. ॲलोपॅथीवाल्यांना धंदा पाहिजे.

स्लाइडवाली_नौपाडा

अहो, मामेबहीण बरी झाली, आनंदच आहे, पण एचपीव्ही झालेल्या दहापैकी नऊ जणींचा दोन वर्षांत आपोआपच निगेटिव्ह होतो, शरीरच त्याला घालवतं. त्या दोन वर्षांत बाई काढा प्याली असेल तर काढ्याने गेला, उपास केले असतील तर उपासाने, आणि रोज ठाणे-पनवेल लोकलने फिरली असेल तर रेल्वेने गेला म्हणायचं! प्रश्न त्या दहाव्या बाईचा असतो, जिच्यात तो जात नाही, मुखाच्या पेशींमध्ये ठाण मांडून बसतो आणि पेशीला ताळ्यावर ठेवणारी जी दोन प्रथिनं असतात त्यांनाच बाद करतो. ज्यांना विज्ञान आवडतं त्यांच्यासाठी, व्हायरसचं ई६ हे पी५३ ला संपवतं आणि ई७ हे आरबीला. ब्रेक गेले की पेशी वाढत सुटते.

ताई, धावन-बिवन काहीही करू नका हां. तपासणीच्या आधी दोन दिवस आतून औषधं, गोळ्या, धुणं, संबंध काही नको, नाहीतर दिसायचं ते दिसणार नाही. पाळी चालू असताना पण जाऊ नका.

निसर्गमित्र_डोंबिवली

ठीक आहे, ज्याची त्याची श्रद्धा.

गायनॅक_ठाणेकर

आता बसलो निवांत. पिशवीबद्दल सविस्तर लिहितो कारण आपल्याकडे 'मुलं झाली ना, मग काढा' हा सल्ला फार स्वस्त झालाय आणि मला त्याचा राग आहे.

समजा बायोप्सी न करता साधं हिस्टरेक्टॉमीचं ऑपरेशन केलं आणि पिशवी तपासायला गेल्यावर कळलं की आत कॅन्सर होता. आता पंचाईत. कारण सुरुवातीच्या स्टेजच्या कॅन्सरसाठी बहुतेकदा जे ऑपरेशन करतात ते वेगळं, त्यात पिशवीबरोबर आजूबाजूच्या पेशीजालाचा पट्टा, योनीचा वरचा भाग आणि ओटीपोटातल्या लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) पण काढतात. आणि जरा पुढे गेलेला असेल तर ऑपरेशन नाहीच, रेडिएशन, सोबत आठवड्याला सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध, आणि शेवटी ब्रॅकीथेरपी म्हणजे आतून दिलेलं रेडिएशन. त्या आतल्या रेडिएशनची नळी गर्भाशयातच ठेवायची असते. गर्भाशयच काढून टाकलंय तर ठेवणार कुठे? म्हणजे अर्धवट ऑपरेशन होऊन बसतं आणि पुढचा उपचार अवघड. उलट समजा कॅन्सर नाही, नुसती पूर्वावस्था आहे, तर मुखाचा तेवढा भाग काढून काम भागतं, एवढं मोठं ऑपरेशन फुकट. दोन्हीकडून तोटाच. शिवाय पिशवी गेली म्हणून व्हायरस जातो असं नाही, तो योनीत राहू शकतो, तपासण्या चालूच ठेवाव्या लागतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

क्रम असा. आधी डॉक्टरांनी स्पेक्युलम घालून नुसत्या डोळ्यांनी नीट बघायचं. तिथे गाठ किंवा जखम दिसली तर पॅपचा रिपोर्ट काहीही असो, सरळ बायोप्सी. पॅप नॉर्मल आणि समोर कॅन्सर अशा बायका मी पाहिल्यात, कारण गाठीवर रक्त आणि मेलेल्या पेशींचा थर असतो आणि ब्रशवर तेवढाच येतो. डोळ्यांना काही दिसत नसेल तर कॉल्पोस्कोपी. ताईंचं वय ४६ आहे, या वयाला जिथे बिघाड सुरू होतो ती सीमारेषा हळूहळू मुखाच्या आत सरकायला लागते, ती पूर्ण दिसली नाही तर आतल्या नळीतून खरवडून पण नमुना घेतात. तो घेतला का, हे विचारा. बायोप्सीत कॅन्सर आला तरच पुढे एमआरआय वगैरे, ते स्टेज ठरवायला. आत्ता कोणी एमआरआय सांगितला तर का म्हणून विचारा.

आणि वेळेचं म्हणाल तर व्हायरस लागण्यापासून कॅन्सरपर्यंत धडधाकट बाईत साधारण १५ ते २० वर्षं जातात. एचआयव्ही असेल आणि उपचार नसतील तर ५ ते १०. सिगरेट-बिडी, खूप बाळंतपणं, वर्षानुवर्षं गर्भनिरोधक गोळ्या, यांनी धोका वाढतो, पण एचपीव्हीशिवाय हा कॅन्सर जवळजवळ होतच नाही. एवढी वर्षं हातात असतात आणि तरी आपल्या देशात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना होतो, बहुतेक जणी उशिरा येतात. चिडचिड होते ती याची. २००९ साली आपल्या उस्मानाबादचा, आताच्या धाराशिवचा, अभ्यास जगभर गाजला होता, ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायका त्यात होत्या, आणि ज्या गावांत आयुष्यात फक्त एकदा एचपीव्ही टेस्ट केली तिथे या कॅन्सरने होणारे मृत्यू निम्म्यावर आले. एकदा! आणि ठाण्यात शिकल्यासवरलेल्या बायका मला सांगतात, डॉक्टर काही त्रास नाही मग कशाला करायची.

दोन_मुलींचा_बाबा

धागा वाचतोय, मधेच विचारतो, माझ्या मुली ११ आणि १६ च्या आहेत, लस द्यायची का? कोपरखैरण्यातले आमचे डॉक्टर म्हणतात द्या, आई म्हणते मुलींना कशाला असली लस, लोक काय म्हणतील.

गायनॅक_ठाणेकर

द्या. लोकांना सांगायला जायचं कशाला? धाकटीला दोन डोस सहा महिन्यांच्या अंतराने, १५ च्या पुढे तीन, म्हणून थोरलीला ०, २, ६ महिने. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक २०२३ पासून मिळते, बाहेरची गार्डासिल पण आहे. संबंध सुरू व्हायच्या आधी घेतली तर सगळ्यात उपयोगी, म्हणून लहानपणी. असलेलं इन्फेक्शन लसीने जात नाही, आणि लस घेतलेल्या मुलीलाही पुढे तिशीपासून तपासणी करायचीच.

पावसाळीताई, तुमच्या १७ वर्षांच्या भाचीला पण हेच लागू.

पावसाळी_ऐरोली

अपडेट देते, सगळ्यांनी एवढं लिहिलंत म्हणून. ॲडमिट नाही केलं. दुसऱ्या डॉक्टरांकडे कॉल्पोस्कोपी झाली, खारघरची ताई तुम्ही लिहिलं होतं अगदी तसंच, त्यांनी पण स्क्रीनवर पांढरं दाखवलं, मी आतच उभी होते ताईंचा हात धरून. नळीतून खरवडून पण घेतलं, मी मुद्दाम विचारलं तर डॉक्टर हसले, म्हणाले कोणी शिकवून पाठवलंय का. बायोप्सी सीआयएन ३ आलीय, खाली लिहिलंय नो इन्व्हेजन सीन. खरवडलेल्यात काही नाही. आता लीप करायचं ठरलंय.

भाऊजींना हा धागाच वाचायला दिला. पूर्ण वाचला, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले हिला पण वाचायला दे. ताईंनी वाचला का माहीत नाही, पण रिपोर्ट आणायला दोघं स्कूटरवरून गेले, माझ्याशिवाय. सासूबाई अजून म्हणतायत एवढं सगळं करण्यापेक्षा काढलीच असती तर सुटलो असतो.

लीपमध्ये नक्की काय करतात? सीआयएन ३ म्हणजे तिसरी स्टेज ना? ताई त्यालाच घाबरल्यात.

खारघरची_वाचक

नाही नाही, स्टेजशी काही संबंध नाही! मी पण तोच घोळ घातला होता. ही कॅन्सरच्या आधीची पायरी, वरच्या थरातच आहे, आत घुसलेलं नाही, 'नो इन्व्हेजन' म्हणजे तेच. काही न करता तसंच ठेवलं तर मात्र पुढे बऱ्याच जणींमध्ये कॅन्सर होऊ शकतो, म्हणून काढायचं. लीपमध्ये तारेची बारीक गोल कडी असते, तिच्यातून करंट जातो, तिने तो भाग खरवडल्यासारखा उचलून काढतात. मला इंजेक्शनने जागा बधिर करून केलं, संध्याकाळी घरी. नंतर काही आठवडे पाणी जात राहतं, वास पण येतो थोडा, तेवढ्या काळात संबंध नको, जड उचलायचं नाही, बादल्या भाऊजींनी भराव्यात.

गायनॅक_ठाणेकर

बरोबर. एक भर घालतो, काढलेला तुकडा परत तपासायला जातो, त्यात 'मार्जिन' काय आलंय ते बघा, म्हणजे कडेपर्यंत बिघाड आहे का कडा स्वच्छ आहेत. सहा महिन्यांनी एचपीव्ही टेस्ट, मग तीन वर्षं दरवर्षी, पुढे अंतर वाढतं पण बंद करायचं नाही, पाळी गेली तरी.

पावसाळी_ऐरोली

डॉक्टर, टाटामध्ये एकदा दाखवावं का? भाऊजी म्हणतायत एकदा मोठ्या ठिकाणी विचारू.

स्लाइडवाली_नौपाडा

मनाला बरं वाटणार असेल तर जरूर दाखवा, परळला जायची पण गरज नाही, टाटाचंच ॲक्ट्रेक हे कॅन्सर केंद्र खारघरला आहे, कळव्याहून ठाण्याला येऊन पनवेल लोकल पकडायची. फक्त त्यासाठी लीप पुढे ढकलत बसू नका. आणि जाताना नुसता रिपोर्टचा कागद नेऊ नका, तिथे ते स्वतः परत बघतात. आधी ज्या लॅबमध्ये बायोप्सी दिली तिथून स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक (ज्यात तुकडा बसवलेला असतो) दोन्ही मागून घ्या, ते तुमचे आहेत, काउंटरवरचा मुलगा उद्या या म्हणेल, पॅथॉलॉजिस्टना भेटायचंय म्हणून सांगा म्हणजे लगेच मिळतात. ब्लॉक टिश्यूपेपरमध्ये गुंडाळून छोट्या डबीत ठेवा आणि उन्हात स्कूटरच्या डिकीत विसरू नका, मेण वितळतं.